मत मागायचं तर स्वतःच्या नावाने मागा

२०२४ सालची भाऊबीज ३ नोव्हेंबरला होती आणि अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक ५ नोव्हेंबरला. आमच्याकडे फराळाची ताटं अजून उचलली नव्हती, तोच पेनसिल्व्हेनियातून भाचीचा व्हिडिओ कॉल आला. तिचा आठ वर्षांचा मुलगा फोनच्या अगदी जवळ तोंड आणून, इंग्रजी-मराठीची त्याची नेहमीची सरमिसळ करत मला म्हणाला, "मावशीआजी, आयर्न मॅन कमलाला व्होट करणारे. मग ट्रम्प व्हिलन आहे का?" खोलीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्याने पाहिलेला व्हिडिओ तीनच दिवसांपूर्वी आला होता. अ‍ॅव्हेंजर्स चित्रपटांतले रॉबर्ट डाउनी ज्युनियर (म्हणजे पडद्यावरचा आयर्न मॅन), स्कार्लेट जोहान्सन, ख्रिस इव्हान्स, मार्क रफलो वगैरे मंडळी फोनवर एकत्र जमतात आणि कमला हॅरिस यांच्यासाठी एखादं खटकेबाज घोषवाक्य शोधत बसतात. नट स्वतः म्हणूनच बोलत होते. पण त्या मुलाला दिसला तो आयर्न मॅन.

दोन दिवसांनी मतदान झालं. ट्रम्प यांना ३१२ प्रतिनिधी-मतं (राज्याराज्यांच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) मिळाली, हॅरिस यांना २२६. आणि अमेरिकेत, तसाच आपल्याकडच्या फोनवरच्या गटांतही, एक वाद पेटला तो अजून विझलेला नाही. काहीजण म्हणतात, टेलर स्विफ्ट, बियॉन्से, ओप्रा विन्फ्री, ब्रूस स्प्रिंगस्टीन, एमिनेम अशी फौज एका बाजूला उभी राहूनही उमेदवार पडला, तेव्हा या पाठिंब्याला कवडीची किंमत नाही. काहीजण म्हणतात, किंमत असो नसो, नटाने नाटक करावं, गायकाने गावं, राजकारण हे त्यांचं कामच नव्हे. बचावाला धावणारे म्हणतात, कलाकार हाही नागरिक, त्याला वाटेल ते, वाटेल त्या रूपात बोलू द्या. मे २०२५ मध्ये खुद्द ट्रम्प यांनीच बियॉन्से, ओप्रा, स्प्रिंगस्टीन यांना प्रचारासाठी पैसे दिले गेले का याच्या चौकशीची मागणी केली आणि आगीत तेल पडलं. सगळे तावातावाने बोलतात. पण मत मागायला समोर उभा आहे तो कोण, माणूस की त्याने वठवलेलं पात्र, हे कुणीच विचारत नाही.

माझी भूमिका सरळ आहे. प्रसिद्ध माणसाने एखाद्या उमेदवाराला जाहीर पाठिंबा देण्यात काहीही गैर नाही. आपली लोकप्रियता पणाला लावून कुणी बोलत असेल तर मी त्याचा आदरच करीन, मग तो उमेदवार मला कितीही नकोसा असो. पण काल्पनिक पात्राच्या तोंडून मत मागणं हा वेगळा प्रकार आहे आणि तो चुकीचा आहे. माणसाला उलटा प्रश्न विचारता येतो. तो खोटं बोलला तर पकडता येतो, त्याने बाजू बदलली तर जाब मागता येतो, त्याच्या मैफलीकडे पाठ फिरवता येते. पात्राचं आपण काय वाकडं करणार? पात्राकडे असतो तो आपणच वर्षानुवर्षं त्याच्यावर टाकलेला जीव. तो आपण कुणाला निवडून आणण्यासाठी टाकलेला नसतो.

आधी 'उपयोग काय झाला' या प्रश्नाचा निकाल लावू. पाठिंब्याने मतं फिरतच नाहीत हे खरं नाही. २००७ मध्ये ओप्रा विन्फ्री बराक ओबामांच्या बाजूने उतरल्या. क्रेग गार्थवेट आणि टिमोथी मूर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी ओप्रांच्या मासिकाचा खप आणि त्यांनी सुचवलेल्या पुस्तकांची विक्री कुठल्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, किती होती ते पाहून हिशेब मांडला. पक्षांतर्गत निवडणुकीत या एका पाठिंब्यामुळे ओबामांना सुमारे दहा लाख मतं जास्त पडली असावीत, असा त्यांचा अंदाज निघाला. १० सप्टेंबर २०२४ च्या रात्री टेलर स्विफ्टने हॅरिस यांच्यासाठी संदेश टाकला, तेव्हा तिने दिलेल्या दुव्यावरून पुढच्या चोवीस तासांत चार लाखांहून अधिक लोक मतदार नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर गेले. संकेतस्थळावर जाणं म्हणजे नाव नोंदवणं नव्हे आणि नाव नोंदवणं म्हणजे मत देणं नव्हे, हे कबूल. याच टेलर स्विफ्टने २०१८ मध्ये टेनेसीतून सिनेटसाठी उभ्या असलेल्या फिल ब्रेडेसन यांना पाठिंबा दिला होता आणि ते पडले, हेही कबूल. कधी फरक पडतो, कधी पडत नाही. दुसऱ्या बाजूलाही लोकप्रिय पॉडकास्टर जो रोगन होते, इलॉन मस्क होते. त्यांचं वजन मोजायचंच नाही आणि फक्त हरलेल्यांचे तारे मोजायचे, हा कुठला हिशेब?

पण उपयोगाचा हा सगळा हिशेबच इथे गैरलागू आहे. उमेदवार पडला म्हणून त्याची बाजू घेणाऱ्याचं बोलणं वाया गेलं असं ठरवायचं, तर २७ ऑक्टोबर १९६४ ची रात्र आठवा. रिपब्लिकन उमेदवार बॅरी गोल्डवॉटर यांच्यासाठी एक सिनेनट दूरचित्रवाणीवर जवळपास अर्धा तास बोलला. त्याचं नाव रोनाल्ड रेगन. त्या भाषणात त्याने आपली कुठलीही भूमिका वठवली नाही. कर, सरकारी खर्च, साम्यवाद यांवर तो स्वतःचं म्हणणं मांडत गेला. त्यातलं पुष्कळसं मला पटत नाही. पण ते म्हणणं होतं, त्याला उत्तर देता येत होतं, आणि लोकांनी ते दिलंही. गोल्डवॉटर यांना पन्नासपैकी फक्त सहा राज्यं मिळाली. दोन वर्षांनी तो नट कॅलिफोर्नियाचा गव्हर्नर म्हणून निवडून आला, आणि सोळा वर्षांनी अध्यक्ष म्हणून. नटाने राजकारणावर बोलू नये असं म्हणणाऱ्यांनी ते भाषण रेगन यांच्या विरोधकांच्या डोळ्यांनी एकदा पाहावं. त्यांना तो माणूस हरवायचा होता, गप्प बसवायचा नव्हता.

आता दुसऱ्या आक्षेपाकडे येते, कारण त्यात खरोखर तथ्य आहे. लोकशाहीत प्रत्येकाला एक मत. पण स्विफ्टने तो संदेश टाकला तेव्हा इन्स्टाग्रामवर तिला फॉलो करणारे २८ कोटींहून अधिक होते. ओहायोतल्या एखाद्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या बाईचं मत आणि स्विफ्टचं मत मतपेटीत सारखं असेल, पण मतपेटीबाहेर त्या दोघींच्या आवाजाची तुलना तरी होऊ शकते का? शिवाय सुरेल गाणं म्हणता आलं म्हणून आरोग्यविमा कळतो असं थोडंच आहे? हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. आवाजाची ही विषमता खरी आहे आणि ती मला खुपते.

पण त्यावर उपाय म्हणून तोंड बंद करायचंच, तर कुणाकुणाचं करणार? मस्क यांनी त्या निवडणुकीत २५ कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम ओतली. वर्तमानपत्रांचे मालक अग्रलेखांतून पाठिंबा देत आलेच आहेत. ज्यांची नावंही कळत नाहीत अशा देणगीदारांच्या पैशावर जाहिराती चालतात. या सगळ्यांत ज्याचं नाव, चेहरा आणि मत तिन्ही उघड्यावर आहे असा एकच गट दिसतो, तो या गायक-नटांचा. आणि आपण नेमके त्यांनाच गप्प बसा म्हणतो. ज्ञानाचं म्हणाल तर मतदार होण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, तशी आपलं मत दुसऱ्याला सांगण्यासाठीही लागत नाही. स्विफ्टने त्या संदेशात म्हटलं होतं की मी माझा अभ्यास करून निवड केली आहे, तुमचा अभ्यास तुम्ही करायचा आणि निवडही तुमचीच. एका नागरिकाने दुसऱ्याशी याहून अधिक सभ्यपणे कसं बोलावं?

पैशांचीही भानगड स्पष्ट करून टाकते. पाठिंब्यासाठी पैसे देणं हा अमेरिकेत गुन्हा नाही. खर्च जाहीर दाखवावा लागतो. हॅरिस यांच्या प्रचार खर्चात ओप्रांच्या निर्मिती संस्थेला दहा लाख डॉलर आणि बियॉन्सेच्या संस्थेला १ लाख ६५ हजार डॉलर दिल्याची नोंद आहे. ओप्रांचं म्हणणं असं की तो मंच, दिवे, कॅमेरे आणि तंत्रज्ञांचा खर्च होता, आपण स्वतः काही घेतलं नाही. पटेल त्याने मानावं, न पटेल त्याने विचारावं. पण विचारता येतं, कारण नोंद आहे आणि नोंदीच्या पलीकडे एक जितंजागतं माणूस आहे.

आणि माणूस असला की त्याला किंमत मोजावी लागते. जुलै १९६०, लॉस एंजेलिस. डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाचा पहिला दिवस. राष्ट्रगीतासाठी हॉलिवूडची मंडळी मंचावर आली, त्यांत गायक-नर्तक सॅमी डेव्हिस ज्युनियर होते. त्यांचं नाव पुकारलं गेलं आणि दक्षिणेतल्या राज्यांच्या काही प्रतिनिधींनी भर सभागृहात त्यांची हुर्यो उडवली. कारण ते कृष्णवर्णीय होते आणि मे ब्रिट या गोऱ्या अभिनेत्रीशी त्यांचं लग्न ठरलं होतं. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तेव्हा असं लग्न बेकायदा होतं. ज्या पक्षासाठी आपण घसा कोरडा करणार त्याच पक्षाच्या लोकांनी आपली अशी संभावना करावी, तीही राष्ट्रगीत म्हणायला उभं राहिल्यावर! तरी डेव्हिस पक्षाचे उमेदवार जॉन केनेडी यांच्या प्रचारातून हटले नाहीत. उमेदवाराला त्रास नको म्हणून त्यांनी लग्नसुद्धा निवडणूक होईपर्यंत पुढे ढकललं. केनेडी जिंकले. आणि जानेवारी १९६१ च्या शपथविधीच्या जलशाला येऊ नका, असा निरोप डेव्हिस यांना गेला. बारा वर्षांनी ते रिचर्ड निक्सन यांच्या बाजूला गेले, मायामीच्या मंचावर त्यांनी निक्सन यांना मिठी मारली, आणि त्या एका छायाचित्रासाठी त्यांच्याच समाजातल्या अनेकांनी त्यांना पुढे कित्येक वर्षं माफ केलं नाही. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं का, चूक होतं का, यावर लोक आजही भांडतात. भांडता येतं, कारण उभे होते ते डेव्हिस स्वतः.

याच्या शेजारी आता जुलै २०२४ मधला मिलवॉकीचा मंच ठेवून पाहा. ट्रम्प यांच्यावर पेनसिल्व्हेनियातल्या बटलर इथे गोळीबार झाल्याला पाच दिवस झाले होते. रिपब्लिकन अधिवेशनाच्या शेवटच्या रात्री कुस्तीवीर हल्क होगन मंचावर आला. डोक्याला फडकं, पिवळसर मिशा, कुस्तीच्या रिंगणातली तीच डरकाळी. त्याने कोट काढला, अंगातला बनियन दोन्ही हातांनी टराटरा फाडला, आत ट्रम्प-व्हान्स लिहिलेला दुसरा बनियन होता. सभागृह वेडं झालं. चाळीस वर्षं ज्या कृतीवर मुलं टाळ्या पिटत आली होती तीच कृती, आता मतासाठी.

हल्क होगन हे पात्र होतं. ते वठवणाऱ्या माणसाचं नाव टेरी बोलिया. आणि हा फरक मी उकरून काढलेला नाही. खुद्द बोलिया यांनीच तो न्यायालयात शपथेवर सांगितलेला आहे. २०१६ मध्ये गॉकर या संकेतस्थळाविरुद्धच्या त्यांच्या खटल्यात विरुद्ध पक्षाच्या वकिलांनी त्यांच्या जुन्या मुलाखतींतल्या बढाया पुढे केल्या, तेव्हा त्यांनी सांगितलं की ते बोलणं हल्क होगन या पात्राचं होतं, टेरी बोलियाचं नव्हे. त्यांच्या दृष्टीने ते खरंही असेल, आणि खासगीपणाच्या त्या खटल्यात माझी सहानुभूती त्यांच्याच बाजूला होती. ज्युरींनी त्यांना १४ कोटी डॉलर भरपाई मंजूर केली. पण मग मिलवॉकीत बनियन फाडला तो कुणी? पात्राचे शब्द माझे नव्हेत असं जो माणूस कोर्टात म्हणू शकतो, त्याचं पात्र मत मागतं तेव्हा ते मत मागणं कुणाचं समजायचं? बोलिया जुलै २०२५ मध्ये वारले. त्यांच्याबद्दल मनात कडवटपणा नाही. टेरी बोलिया साध्या सदऱ्यात त्या मंचावर येऊन म्हणाले असते की मला हा उमेदवार या या कारणांसाठी पटतो, तर मी शेवटपर्यंत ऐकलं असतं.

कुणी म्हणेल, हा फरक तुम्हा शिकलेल्या लोकांना दिसतो. प्रेक्षकाच्या मनात नट आणि पात्र एकच असतात. माझ्याविरुद्धचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि माझ्या भाचीच्या मुलाने तो मला फराळाच्या ताटावरच शिकवला. खरंच आहे ते. २०१६ मध्ये 'द वेस्ट विंग' मालिकेतले कलाकार हिलरी क्लिंटन यांच्यासाठी ओहायोत फिरले, तेव्हा लोकांना त्यांच्यामागे ते मालिकेतलं आदर्श व्हाइट हाउस दिसतच असणार. हे कायद्यालाही ठाऊक आहे. रेगन अध्यक्षपदासाठी उभे राहिले तेव्हा अमेरिकेतल्या दूरचित्रवाणी केंद्रांनी त्यांचे जुने चित्रपट दाखवणं बंद ठेवलं, कारण ते दाखवले असते तर समान वेळेच्या नियमानुसार प्रतिस्पर्ध्यालाही तेवढा वेळ द्यावा लागला असता. २ नोव्हेंबर २०२४ ला एनबीसी वाहिनीच्या एका विनोदी कार्यक्रमात हॅरिस यांची भूमिका करणारी अभिनेत्री माया रुडॉल्फ आरशासमोर बसली आणि आरशात खुद्द हॅरिस होत्या. दुसऱ्या दिवशी एनबीसीला ट्रम्प यांना फुकट वेळ द्यावा लागला. पात्राचं वजन खरं असतं म्हणूनच ते तोलावं लागतं. मग प्रेक्षकाला फरक करता येत नाही हे माहीत असताना तो करण्याची जबाबदारी कुणाची? आठ वर्षांच्या मुलाची, की ज्याला त्या घोटाळ्याचा फायदा मिळतो त्याची?

आपल्याकडे हा खेळ फार आधी होऊन गेला आहे. १९८८ मध्ये अलाहाबादची पोटनिवडणूक होती. अमिताभ बच्चन यांनी राजीनामा देऊन रिकामी केलेली जागा, समोर काँग्रेसमधून बाहेर पडलेले विश्वनाथ प्रताप सिंह. दर रविवारी सकाळी 'रामायण' चालू होतं, रस्ते ओस पडत होते, लोक दूरदर्शनच्या संचाला हार घालत होते. अशा वेळी काँग्रेसने प्रचाराला अरुण गोविल यांना आणलं. लोकांनी सिंह यांनाच निवडून दिलं, आणि त्या मतदारांबद्दल मला आजही अभिमान वाटतो. पण काँग्रेस हरली म्हणून तो प्रकार निरुपद्रवी ठरत नाही. राम मत मागतो आहे असं वाटलं की त्याला नाही म्हणणाऱ्याच्या मनात जे चालतं, ते एखाद्या नटाला नाही म्हणताना चालत नाही. हेच गोविल २०२४ मध्ये मेरठमधून भाजपचे उमेदवार म्हणून उभे राहिले आणि जिंकले. निदान आता लोकसभेत त्यांच्या कामाचा हिशेब त्यांच्याच नावावर लागतो.

मग व्यंगाचं काय? पात्रांना राजकारण बंद, तर वगातला सोंगाड्या, व्यंगचित्रातला हत्ती आणि गाढव, सगळेच बंद का? मुळीच नाही. १९३२ मध्ये कार्टूनमधली बेटी बूप, १९५२ मध्ये पोगो नावाचा कॉमिकमधला पॉसम प्राणी अध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरवले गेले, ते राजकारणाची गंमत करायला. २०१२ मध्ये 'द सिम्पसन्स'मधल्या मिस्टर बर्न्सने ओबामांविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी यांना पाठिंबा दिला. बर्न्स हा मालिकेतला सर्वांत लोभी, सर्वांत दुष्ट धनाढ्य आहे, तेव्हा तो पाठिंबा म्हणजे टीका होती हे पोरालाही कळत होतं. सोंगाड्या पाटलाला टोमणा मारतो तेव्हा तो आपल्याला विचार करायला लावतो. माझ्यावर तुझा जीव आहे ना, मग याला मत दे, असं तो म्हणत नाही. व्यंग आपल्याला पात्रापासून थोडं दूर उभं करतं, आणि हा पाठिंबा त्याच्या पायाशी नेऊन बसवतो. महाराष्ट्रात १९७७ साली पु. ल. देशपांडे आणीबाणीविरुद्ध, जनता पक्षाच्या प्रचारसभांतून बोलले. मंचावर पु. ल. होते. अंतू बर्वा त्यांनी घरी ठेवला होता. त्यांच्यासारख्या बहुरूप्याला त्या म्हाताऱ्याच्या आवाजात एक सभा जिंकणं अवघड होतं का? त्यांनी ते केलं नाही म्हणून अंतू बर्वा आजही सगळ्या पक्षांच्या मराठी माणसांचा आहे.

युक्रेनचं उदाहरण माझ्या अंगावर टाकलं जाईल, तेही घेते. व्होलोदिमिर झेलेन्स्की यांनी मालिकेत वासिल होलोबोरोद्को नावाचा इतिहासाचा शिक्षक रंगवला, जो भ्रष्टाचारावर संतापतो आणि एके दिवशी देशाचा अध्यक्ष होतो. मालिकेचंच नाव पुढे त्यांच्या पक्षाला मिळालं आणि एप्रिल २०१९ मध्ये ७३ टक्के मतं घेऊन ते खरोखर अध्यक्ष झाले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने हल्ला केला तेव्हा ते कीव्ह सोडून गेले नाहीत. तेव्हा पात्राला मत दिलं म्हणून काय बिघडलं? मला वाटतं, त्या मतदारांचं नशीब थोर. २०१९ मध्ये ज्याला मत दिलं तो शिक्षक अस्तित्वातच नव्हता. २०२२ मध्ये कीव्हच्या रस्त्यावर रात्री उभं राहून फोनवर बोलला तो झेलेन्स्की नावाचा माणूस होता. तो तसा निघेल हे मालिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. नाण्याचा कौल आपल्या बाजूने पडला म्हणून निर्णय नाणं फेकून घ्यावेत असं कुणी म्हणेल का?

आणि हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा किती तरी तातडीचा झाला आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रम्प यांनी आपल्या खात्यावर टेलर स्विफ्टचं एक चित्र टाकलं: अंकल सॅमच्या वेशातली स्विफ्ट, ट्रम्पना मत द्या म्हणणारी. चित्र खोटं होतं, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेलं. जिवंत बाईचं तिच्या परवानगीशिवाय पात्र करून टाकलं होतं. सप्टेंबरमध्ये तिने हॅरिस यांना पाठिंबा दिला तेव्हा त्या संदेशात या चित्राचा स्पष्ट उल्लेख होता. माझ्या नावावर खोटं फिरत असल्यामुळे मला खरं काय ते उघड सांगावंच लागलं, असा त्याचा आशय होता. मांजर कडेवर घेतलेला स्वतःचा फोटो, खाली स्वतःची सही. तिला ते करता आलं कारण ती आहे. आयर्न मॅनचं कुणी असं चित्र केलं तर तो कुठून येऊन सही करणार?

पात्राच्या वतीने नाही म्हणणारं कुणीतरी लागतं, आणि ते एकदा फार चांगलं केलं गेलं. ३ ऑक्टोबर २०१२ च्या डेन्व्हरच्या वादसभेत रॉम्नी म्हणाले की मला बिग बर्ड आवडतो, पण सार्वजनिक दूरचित्रवाणीचं सरकारी अनुदान मी बंद करीन. बिग बर्ड म्हणजे 'सेसमी स्ट्रीट'मधला तो आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी. १९६९ पासून अमेरिकेतली मुलं त्याच्याबरोबर अक्षरं आणि आकडे शिकत आली आहेत. काही दिवसांतच ओबामांच्या प्रचाराने त्या पक्ष्याला घेऊन रॉम्नींची खिल्ली उडवणारी जाहिरात काढली. अनुदान तोडायला निघालेल्या उमेदवाराविरुद्धची जाहिरात. 'सेसमी स्ट्रीट'च्या संस्थेने गप्प राहणं किती सोयीचं होतं! पण संस्थेने लगेच कळवलं की आम्ही कुठल्याही पक्षाचे नाही, कुठल्याही उमेदवाराला पाठिंबा देत नाही, जाहिरात काढून टाका. रिपब्लिकन घरातल्या चार वर्षांच्या मुलीचाही तो पक्षी होता, हे त्यांना कळत होतं.

पुढे मात्र असे पालक उरतीलच असं नाही. १९२८ मधला मिकी माउस १ जानेवारी २०२४ ला स्वामित्वहक्कातून मुक्त झाला, पॉपाय २०२५ मध्ये. ही पात्रं सर्वांची झाली याचा मला आनंद आहे. नवे चित्रकार त्यांच्यापासून नवं काही घडवतील. पण २०२८ च्या निवडणुकीत त्यांना बोलतं करायला स्टुडिओ लागणार नाही, फोन पुरेल. अमेरिकेत २००२ च्या कायद्यापासून एक साधा नियम आहे: दूरचित्रवाणीवरच्या आपल्या जाहिरातीत उमेदवाराला स्वतःच्या आवाजात सांगावं लागतं की मी अमुक, आणि हा संदेश मला मान्य आहे. तेवढाच नियम पात्रांच्या मागे उभ्या असणाऱ्यांनाही लावावा. मिकीच्या तोंडी मत मागणारं वाक्य घालायचं असेल तर ज्याने ते घातलं, ज्याने त्याचे पैसे दिले, त्याने आधी स्वतःचा चेहरा दाखवावा आणि स्वतःचं नाव सांगावं. फोनच्या पलीकडे बसलेल्या आठ वर्षांच्या मुलालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.